माती काय खाते आणि काय खात नाही

(माजी विद्यार्थी आणि पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सिस्टरनी मला विषय दिला आहे, ‘मातीतले जिवाणू आणि प्लास्टिक’. फोनवर त्या म्हणाल्या, “वीस मिनिटं बोल आणि पाचवीच्या मुलींना समजेल असं बोल.” दुसरी अट पाळायचा प्रयत्न करते. पहिलीचं सांगता येत नाही.

आधी एक कबुली देते. दोन वर्षांपूर्वी याच पडवीत, याच मेळाव्यात मी उभी होते. प्लास्टिक खाणारे जिवाणू जपानमध्ये सापडले आहेत, असं मी तेव्हा मोठ्या उत्साहानं सांगितलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. आपल्या वसतिगृहातली मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, कॉलेजात शिकवायला लागली, याचं कौतुक त्या टाळ्यांमध्ये जास्त होतं, हे मला कळत होतं. पण मी जे सांगितलं ते अर्धंच होतं. आणि अर्धं सांगितल्याचं काय होतं, ते आपल्या परसबागेत दिसतं आहे.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक विक्रेता इथे आला. त्याच्याकडे पावडर होती. गुळाच्या पाण्यात कालवायची, प्लास्टिकच्या खड्ड्यात शिंपडायची, वर माती लोटायची, सहा महिन्यांत प्लास्टिकचं खत. नमुन्याचं एक पाकीट त्यानं फुकट दिलं. सिस्टरनी मला फोन करून विचारलं, “तू सांगितलं होतंस तेच ना हे?” पाकीट न बघता, त्यावर काय लिहिलंय ते न विचारता मी म्हटलं, “हो, करून बघा.” मुलांनी महिनाभर कागद-प्लास्टिक गोळा केलं, वांग्याच्या वाफ्यांच्या वरच्या अंगाला खड्डा खणला आणि सगळं पुरलं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. त्या श्रावणात खड्ड्याची कड ढासळली. पुढच्या वर्षी वाफे खणले तेव्हा वेफर्सच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे तुकडे, शाम्पूची पाकिटं मातीबरोबर वर आली. खत कुठेच नव्हतं. वाफ्यातून तुकडे वेचायचं काम रविवारी मुलंच करतात, आणि अजून ते संपलेलं नाही.

हे सगळं आज का सांगते? कारण मागच्या सभेत असा विचार पुढे आला आहे, की देणगीतून आलेल्या पैशांतून आपल्या सगळ्या वसतिगृहांसाठी आणि बाजाराजवळच्या पाड्यांसाठी असं कल्चर विकत घ्यावं. हेतू चांगला आहे. निर्णय आज दुपारी व्हायचा आहे. माझ्या एका ‘हो’मुळे ही गोष्ट इथवर आली, म्हणून ती नीट सांगून मोकळी व्हायचं ठरवून मी आले आहे.

तर जपानमध्ये काय झालं? ओसाकाजवळ साकाई नावाचं शहर आहे. तिथे प्लास्टिकच्या बाटल्यांचा पुनर्वापर करणारा कारखाना आहे. तिथली माती, गाळ आणि सांडपाणी मिळून शास्त्रज्ञांनी २५० नमुने गोळा केले. बाटलीच्याच प्लास्टिकची पातळ फिल्म खायला देऊन कोण जगतंय ते बघितलं. त्यातून एक जिवाणू मिळाला. त्याचं नाव ठेवलं आयडिओनेला साकाएन्सिस. २०१६च्या मार्चमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. तीस अंश तापमानाला साधारण सहा आठवड्यांत त्या जिवाणूनं ती फिल्म जवळजवळ संपवली. हे खरं आहे आणि मोठं आहे. मी सांगायचं राहिलं ते असं, की ती फिल्म मुद्दाम मऊ घेतलेली होती, खरी बाटली तिच्याहून कितीतरी चिवट असते. आणि तो जिवाणू फक्त एकाच जातीचं प्लास्टिक खातो.

मुलांनो, प्लास्टिकच्या जाती असतात. आपण सगळ्याला ‘प्लास्टिक’ म्हणतो, पण ते सगळ्या झाडांना ‘झाड’ म्हणण्यासारखं झालं. पाण्याची बाटली ज्याची असते ते ‘पेट’. दुधाची पिशवी आणि बाजारातली कॅरीबॅग पॉलिथिनची. सिमेंटची गोणी पॉलिप्रॉपिलिनची. वेफर्सच्या पुडीत तर दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात, आणि चकाकणारा थर ॲल्युमिनियमचा.

आता सागाचं पान डोळ्यांसमोर आणा. पळसाचं पान आणा. पावसाचं पाणी त्यावर पडतं आणि बरंचसं ओघळून जातं, कारण पानाला वरून एक मेणचट कातडी असते. त्या कातडीत ‘क्युटिन’ नावाचा पदार्थ असतो. तो म्हणजे झाडानं स्वतः बनवलेलं एक प्रकारचं पॉलिएस्टर आहे. एक मणी, एक आकडा, पुन्हा मणी, पुन्हा आकडा, अशी त्याची लांबच लांब माळ असते. पान गळून पडलं की मातीतले जिवाणू आणि बुरशी ते आकडे सोडवतात. त्यासाठी त्यांच्याकडे एन्झाइम असतं, तुमच्या पुस्तकात त्याला ‘विकर’ म्हटलंय. झाडांना पानं आहेत तेव्हापासून सूक्ष्मजीव हे काम करत आले आहेत. ‘पेट’च्या माळेतही त्याच प्रकारचे आकडे आहेत. म्हणून पानं कुजवणाऱ्या कुटुंबातलं एन्झाइम बाटलीचं प्लास्टिकही थोडंफार सोडवू शकतं.

आणि हे नुसतं माझं उदाहरण नाही. २०१२मध्ये जपानच्याच शास्त्रज्ञांना पाला आणि फांद्यांच्या कंपोस्ट खतातून असं एक एन्झाइम मिळालं. पुढे फ्रान्समधल्या संशोधकांनी त्यात सुधारणा केली, आणि २०२०मध्ये दहा तासांत ९० टक्के ‘पेट’ सुटं करून दाखवलं. पाचोळ्याच्या ढिगातून एवढी मोठी गोष्ट निघाली, याचा मला फार आनंद होतो. पण ते कसं केलं तेही ऐका. प्लास्टिक आधी वितळवून, झटकन थंड करून, त्याचा भुगा केला. बंद टाकीत ७२ अंश तापमान ठेवलं. ७२ अंश म्हणजे हात घातला तर भाजेल इतकं गरम पाणी. हे काम कारखान्याचं आहे. आपल्या परसातल्या खड्ड्यात ते होत नाही.

आता दुधाच्या पिशवीकडे या. पॉलिथिनच्या माळेत आकडेच नाहीत. कार्बनला कार्बन, त्याला पुन्हा कार्बन, अशी सलग तार आहे. साकाईचा जिवाणू तिच्यापुढे बसून उपाशी मरेल. जगभरचे लोक पॉलिथिनवर काम करताहेत आणि काही बुरश्या, काही जिवाणू त्याला जरासं कुरतडतात असे अहवाल येत असतात. पण महिन्याभरात पिशव्यांचा ढीग फस्त करील असं काही कोणाच्या हाती आलेलं नाही.

इथे मला नेहमी एका गोष्टीचं हसू येतं. आपल्या पाड्यावरच्या कचऱ्यातलं जिवाणूला खाता येणारं प्लास्टिक कोणतं? बाटली. आणि आपल्या पाड्यावर सापडतच नाही असं प्लास्टिक कोणतं? तेही बाटलीच. कारण भंगारवाला तिचे पैसे देतो. पोरं बाटली दिसली की उचलतात. जे उरतं, ओढ्यात अडकतं, कुंपणावर फडफडतं, ते सगळं बिनआकड्यांचं. पेपरातली बातमी एका प्लास्टिकची असते आणि आपला त्रास दुसऱ्या प्लास्टिकचा असतो. दोन वर्षांपूर्वी मी ही सांगड घातली नाही. मला ती घालता यायला हवी होती, कारण मी शिकलेच ते आहे.

मी सूक्ष्मजीवांकडे कशी वळले, ते तुमच्यातल्या मोठ्यांना माहीत आहे, मुलांना नाही. आमच्याकडे ढवळ्या-पवळ्याची जोडी होती. मी सहावीत असताना, भातलावणीला आठ-दहा दिवस असताना, ढवळ्यानं चारा सोडला. पोट फुगलेलं, रवंथ बंद. बानं ओवा-हिंग दिला, भगताकडे जाऊन आला, मग तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आणले. तोवर उशीर झाला होता. मेल्यावर पोट फाडलं तेव्हा आत पिशव्यांचा गोळा निघाला, दोरखंडासारखा पिळलेला, पाटीभर. बा काही बोलला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, “पोट भरलेलं होतं, उपाशी मेला.” त्या वर्षी लावणी दुसऱ्याच्या बैलावर झाली, उशिरा झाली आणि निम्मीच पिकली. दिवाळीनंतर आई-बा भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले आणि मला इथे, या वसतिगृहात ठेवलं. म्हणजे मी इथे आले ती त्या गोळ्यामुळे.

पुढे बीएस्सीला शिकताना कळलं, की बैलाच्या पहिल्या पोटात, ज्याला कोटीपोट म्हणतात, तिथे जिवाणूंचा केवढा मोठा कारखाना असतो. आपल्याला न पचणारं गवत ते पचवतात. मग माझ्या मनात आलं, की ज्या पोटात काडी पचते तिथे पिशवी का पचू नये? हा प्रश्न मला वेडेपणाचा वाटायचा. तो वेडेपणाचा नव्हता. २०२१मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी कत्तलखान्यातून गाईच्या कोटीपोटातलं पाणी आणलं आणि त्यात तीन जातींचं प्लास्टिक ठेवलं. तिन्ही थोडं थोडं सुटायला लागलं. पण तिन्ही आकड्यांची होती, पॉलिएस्टरची. ढवळ्याच्या पोटातल्या पिशव्या पॉलिथिनच्या होत्या. त्याच्या पोटातल्या जिवाणूंकडे त्यांच्यासाठी काही हत्यारच नव्हतं.

मध काढायला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते, मग पुढे जाते. जुन्या पोळ्यात मेण खाणारी पांढरट अळी असते, तुम्ही ती पाहिली असेल. तेव्हा स्पेनमध्ये काम करणाऱ्या फेडेरिका बर्टोकिनी या शास्त्रज्ञ बाई स्वतः मधमाश्या पाळतात. पेट्या साफ करताना त्यांनी या अळ्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकल्या, तर थोड्या वेळानं पिशवीला भोकं. मेण आणि पॉलिथिन यांची ठेवण बरीचशी सारखी आहे, म्हणून त्यांना शंका आली. २०१७मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. लगेच दुसऱ्या शास्त्रज्ञांनी विचारलं, अळीनं पिशवी पचवली की नुसती चावून भोकं पाडली? पुढे २०२२मध्ये अळीच्या लाळेतली दोन एन्झाइमं सापडली, ती पॉलिथिनवर परिणाम करतात. काम चालू आहे, आणि मी ते लक्ष ठेवून वाचते. पण त्या दुसऱ्या शास्त्रज्ञांचा प्रश्न फार कामाचा आहे. तो मनात ठेवा. पचवलं, की नुसते तुकडे केले?

मागच्या जूनमध्ये मी इथे आले तेव्हा आठवी-नववीच्या मुलामुलींनी आणि मी मिळून एक गोष्ट केली. जाळीच्या कांद्याच्या पिशव्या घेतल्या आणि प्रत्येकीत एकेक वस्तू ठेवली. पळसाची पत्रावळ, जुन्या सुती साडीचा तुकडा, गोणपाट, दुधाची पिशवी, वेफर्सची पुडी आणि ‘कंपोस्टेबल’ असं छापलेली एक कॅरीबॅग. सगळ्यांचे दोन-दोन संच केले. एक संच साध्या मातीत वीतभर खोल पुरला. दुसरा तसाच पुरला, पण त्यावर विक्रेत्याच्या पाकिटातली उरलेली पावडर गुळाच्या पाण्यातून ओतली. मुलांनी काठ्या रोवून पाट्या लावल्या. दिवाळीची सुट्टी संपल्यावर उकरलं.

पत्रावळीच्या शिरा तेवढ्या हाताला लागल्या. साडीचा धागा ओढला की तुटत होता. गोणपाट चिखल झालं होतं. दुधाची पिशवी धुतली तर तिच्यावरची किंमत वाचता आली. वेफर्सच्या पुडीची चमक जरा उतरली होती, इतकंच. आणि पावडरवाल्या संचात आणि साध्या संचात काही फरक दिसला नाही. मुलं आधी हिरमुसली. मग नववीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणजे पत्रावळ कुजवायला पावडर लागलीच नाही.” मी शिक्षिका आहे, पण एवढं स्वच्छ वाक्य मला सुचलं नसतं. चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांना जे खाता येतं ते खायला कोणी पाकिटातून पाठवावं लागत नाही, आणि जे खाता येत नाही ते पाकिटातल्यांनाही येत नाही.

कंपोस्टेबल पिशवीचं राहिलं. तिच्या चिंध्या झाल्या होत्या, पण ती संपली नव्हती. याचा अर्थ ती खोटी होती असा नाही. तशा पिशव्यांसाठी आयएस १७०८८ हे भारतीय मानक आहे. ते मोठ्या कंपोस्ट केंद्रातल्या कुजण्याबद्दल आहे, जिथे ढीग आतून साठ अंशांच्या जवळ तापतो. वीतभर मातीत तेवढी ऊब नसते. बाजारात काही पिशव्या अशाही येतात, की त्यात काहीतरी मिसळलेलं असतं आणि उन्हात त्यांचे लवकर बारीक तुकडे होतात. युरोपनं २०१९मध्ये कायदा करून त्या पिशव्यांवर बंदी आणली, कारण पिशवी दिसेनाशी झाली तरी प्लास्टिक तिथेच राहतं.

खरंच पचलंय का, हे शास्त्रज्ञ कसं बघतात? स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या शास्त्रज्ञांनी २०१८मध्ये फार छान काम केलं. शेतात आच्छादनाला वापरतात त्या जैवविघटनशील फिल्मच्या प्लास्टिकमध्ये त्यांनी खुणेचा कार्बन घातला, म्हणजे तो कुठेही गेला तरी ओळखू यावा. मग मातीत ठेवून बघितलं. तो कार्बन मातीतून निघणाऱ्या हवेत सापडला आणि सूक्ष्मजीवांच्या अंगातही सापडला. म्हणजे त्यांनी ते खाल्लं आणि अंगी लावलं. पचणं म्हणतात ते याला. उद्या कोणी पावडर घेऊन आला तर त्याला एवढंच विचारा, की प्लास्टिकचं झालं काय? ‘गायब झालं’ हे उत्तर पुरेसं नाही.

आता राबाबद्दल, कारण इथे बसलेल्या आई-बाबांशी मला तेच बोलायचं आहे. चैत्र-वैशाखात आपण शेण, पाचोळा, टहाळ, गवत पसरून राब भाजतो. आईच्या मागे पाट्या वाहत मीही भाजलाय. शेणाच्या ढिगात, पाचोळ्याच्या पाटीत आता पुड्या येतात. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तरी गेल्या वर्षी माझ्या बाच्या राबात मला गुटख्याच्या पुड्या सापडल्या. कुठून येतात ते ज्याचं त्याला माहीत. त्या राबाबरोबर जळतात. धूर बाईच्या तोंडावर येतो, कारण काठीनं राब सारणारी तीच असते. पीव्हीसी नावाचं प्लास्टिक, पाइपचं किंवा वायरीचं, त्यात असलं तर त्या धुरातून डायऑक्सिनसारखी विषं निघतात. आणि जे नीट जळत नाही ते वितळून गोळे होतं आणि रोपांच्या मातीत बसतं. पुरणं बरं की जाळणं बरं, असं मला पुष्कळ जण विचारतात. दोन्ही नको.

मग करायचं काय? इथे माझ्या जिवाणूंचं खरं काम येतं.

गाय पिशवी का खाते? तिला प्लास्टिक आवडतं म्हणून नाही. पिशवीत भात असतो, भाजीची देठं असतात, मिठाचा वास असतो. गाठ मारलेली पिशवी तिला सोडता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. आणि भंगारवाला दुधाची पिशवी का घेत नाही? ती ओली, आंबलेली, वास मारणारी असते म्हणून. तीच पिशवी धुवून वाळवून किलोवारी दिली तर बऱ्याच ठिकाणी घेतात. म्हणजे ओलं आणि सुकं एकत्र येतं तिथेच सगळा घोळ आहे. ओलं वेगळं काढलं आणि ते मातीतल्या जिवाणूंना दिलं, की गाय पिशवीकडे फिरकत नाही आणि पिशवी कोरडी राहते. जिवाणूंनी प्लास्टिक खाल्लेलं नाही, तरी आपलं निम्मं काम त्यांनी केलेलं असतं.

त्यासाठी लागतो तो साधा कंपोस्टचा खड्डा, तोही वरच्या अंगाला नव्हे, पाणी साचणार नाही अशा जागी. दोन पाट्या सुका पाचोळा, एक पाटी ओलं उष्टं-खरकटं आणि भाजीचा कचरा, वरून शेणकाला. मूठभर मिश्रण दाबलं तर एखादा थेंब यावा इतकी ओल. पंधरा दिवसांनी खालीवर करायचं, कारण या जिवाणूंना हवा लागते. ढीग चांगला जमला की आतून तापतो. हात घालून बघा, नववीतल्या मुलांनी घातलाय. अडीच-तीन महिन्यांत खत तयार होतं. गुळाचं पाणी हवं तर घाला, पावडर नको.

सुक्या प्लास्टिकचं काय, हे मला दुपारच्या सभेत मांडायचंय, पण थोडं आत्ताच सांगते. २०१६च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्रामपंचायतीवरही जबाबदारी टाकली आहे, आणि पुड्या बनवणाऱ्या कंपन्यांवरही. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिकसाठी एक केंद्र धरलेलं आहे, सोळा लाख रुपयांपर्यंत. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे, चालू आहे का, पाड्यावरून माल कधी नेणार, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क इथल्या प्रत्येक ताईला आहे. वेफर्सच्या पुड्या कोणी विकत घेत नाही, मान्य. पण कोरड्या पिशव्यांचा आणि पातळ फिल्मचा भुगा डांबरात मिसळून रस्ते करता येतात. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ती पद्धत बसवली, त्यांना २०१८मध्ये पद्मश्री मिळाली. त्यासाठीही माल कोरडा आणि स्वच्छ लागतो.

तेव्हा कल्चरसाठी ठेवलेल्या पैशांचं मला असं वाटतं. प्रत्येक वसतिगृहात दोन पक्के कंपोस्ट खड्डे, त्यांच्यावर पावसाळ्यासाठी छप्पर. सुकं प्लास्टिक साठवायला जाळीची एक खोली, जनावर आत शिरणार नाही अशी. बचत गटाला पत्रावळी दाबायचं एक यंत्र, म्हणजे मेळाव्याला आणि लग्नाला थर्माकोलची ताटं यायची नाहीत. त्या ताटांवर बंदी आहेच, पण बंदी आणि ताट दोन्ही आपल्याकडे एकत्र नांदतात. आज दुपारी आपण जेवणार आहोत ती ताटं कुठली, ते बघितलंत तर कळेल. मी सकाळी बघितली. मी रागावून बोलत नाही. फादर हसताहेत, म्हणजे त्यांनाही माहीत आहे.

देणगीदारांना वाईट वाटेल का, असं मला काल एकांनी विचारलं. ‘प्लास्टिक खाणारे जिवाणू’ हे अहवालात छान दिसतं, ‘खड्ड्यावर पत्र्याचं छप्पर’ तेवढं दिसत नाही, हे खरं. पण ज्या कुटुंबानं पैसे दिले त्यांना मी स्वतः पत्र लिहिणार आहे. दोन वर्षांपूर्वी मी काय सांगितलं होतं, त्यात काय राहिलं होतं आणि वांग्याच्या वाफ्यात काय निघालं, सगळं लिहिणार आहे. नववीच्या मुलांनी उकरलेल्या वस्तू पुठ्ठ्यावर चिकटवल्या आहेत, तो पुठ्ठा मागच्या खोलीत ठेवलाय. जेवणाआधी सगळ्यांनी बघा. दुधाच्या पिशवीवरची किंमत अजून वाचता येते.

उद्या रविवार आहे. सकाळी आठ वाजता मी वाफ्यांवर असेन. त्या जुन्या खड्ड्यातलं उरलेलं सगळं काढायचं, धुवायचं, वाळवायचं आणि पोत्यांत भरायचं आहे. मी हातमोजे आणलेत, वीस जोड. ज्यांना यायचंय त्यांनी या. आणि येताना घरून घमेलं आणा, इथली पुरणार नाहीत.